मोटारींतला नाद आणि मध्यम स्थितीची थैली

मोटार ही आतां केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत दोन-तीन मिळवते हात असले म्हणजे एखादी लहानशी गाडी दाराशीं येऊन उभी राहतेच. मग ती नवी असो वा दुसऱ्या हातची असो. गाडी आली कीं वडील मंडळींना कुलदैवताची यात्रा आठवते, सुनांना माहेर आठवतें, आणि तरुणांना सर्वांच्या आधीं आठवतो तो गाडींतला 'टेप'! वास्तविक फितीची टेप जाऊन बरींच वर्षें झालीं. तरी डॅशबोर्डांतील त्या पेटीला कोणी अजून 'टेप' म्हणतो, कोणी 'डेक' म्हणतो, आणि दुकानदार 'म्युझिक सिस्टिम' म्हणतो. प्रस्तुत लेखांत मी 'डेक' हाच शब्द योजणार आहें. तसेंच 'ध्वनिक्षेपक' हा शब्द शास्त्रशुद्ध खरा, परंतु तो तोंडांत घेऊन पुण्याच्या नाना पेठेंत गेलें असतां दुकानदार नुसता पाहत राहील. म्हणून 'स्पीकर'च बरा.

गाडींत गाणें ऐकण्याची हौस कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत १९३० सालीं, म्हणजे ऐन मंदीच्या दिवसांत, पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें 'मोटोरोला' नांवाचा मोटारींत बसविण्याचा रेडिओ विक्रीस काढला. त्याची किंमत शंभर डॉलरांच्या वर होती. पुढें १९३२ मध्यें जर्मनींत ब्लाउपुंक्ट कंपनीचा रेडिओ आला. १९६३ सालीं फिलिप्सनें कॅसेट काढली आणि तीहि यथाकाल गाडींत शिरली. १९८४ च्या सुमारास सीडीची तबकडी आली. आणि आतां तर खिशांतला फोनच गवई होऊन बसला आहे. ह्या सर्व स्थित्यंतरांत जर्मनांनीं एक उपकार करून ठेविला, तो म्हणजे डेकच्या खांचेचें ठराविक माप : रुंदी १८० मिलिमीटर व उंची ५० मिलिमीटर, किंवा त्याच्या दुप्पट १००. जुन्या गाड्यांत ह्या मापाचा कोणताहि डेक बसतो. नव्या गाड्यांतील पडदे मात्र ज्याच्या त्याच्या घाटाचे असतात, आणि मागचा कॅमेरा, सुकाणूवरील बटणें, हीं सर्व त्यांतच गुंतलेलीं असतात. तेव्हां असा डेक उपटून दुसरा घालण्याच्या भरीस सामान्य गृहस्थानें पडूं नये.

आतां मूळ प्रश्न असा कीं, कारखान्यांतून येणाऱ्या गाडीचा आवाज इतका सामान्य कां असतो? कारण उघड आहे. लहान गाडीच्या किंमतींत रुपया-रुपयाची ओढाताण असते, आणि ग्राहक गाडी घेतांना दर लिटरला किती धांवते हें विचारतो, स्पीकरचें लोहचुंबक केवढें आहे हें विचारीत नाहीं. अर्थात् जेथें कोणी पाहत नाहीं तेथें काटकसर होते. दाराच्या आंत हलका कागदी शंकु, बोटभर चुंबक आणि प्लॅस्टिकची चौकट, एवढाच बहुधा त्या स्पीकराचा संसार असतो. पुष्कळ डेकांत तर आवाज वाढवितांच खर्जाचा भाग आपोआप कमी करण्याची युक्ति केलेली असते, ती ह्या दुर्बळ स्पीकराचा जीव वांचावा म्हणून.

आमच्या घरची गाडी दहा वर्षांची, लहान हॅचबॅक आहे. महिन्यांतून एकदां आमच्या मातोश्रींना घेऊन वाईस जाणें होतें. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी आहे. आमच्या तीर्थरूपांनीं १९८७ सालीं वाईस केलेलें एक कीर्तन कॅसेटवर मुद्रित झालेलें होतें. तें माझ्या पुतण्यानें मोठ्या खटपटीनें फोनमध्यें उतरवून घेतलें. घरीं कानाला नळ्या लावून ऐकलें कीं पूर्वरंगांतील शब्द न् शब्द लागतो, झांजेच्या आड तंबोराहि ऐकूं येतो. तेंच गाडींत लावलें, आणि कात्रजचा बोगदा ओलांडण्यापूर्वींच मातोश्री म्हणाल्या, "अरे, आवाज मोठा आहे, पण शब्द कुठें आहेत? आणि ह्यांचा तंबोरा कुणीं काढून घेतला?"

माझ्या मतें संपूर्ण विषय ह्या दोन प्रश्नांत आला. शब्द कोठें गेले, आणि तंबोरा कोठें गेला. वाचकांनीं आपल्या गाडीची परीक्षा ह्याच दोन प्रश्नांनीं करावी.

पुतण्या लागलीच एका दुकानांत जाऊन आला. "काका, तो म्हणतो, चार चॅनेलचा अँप आणि डिकींत सबवूफर घातल्याशिवाय कांहीं अर्थ नाहीं. सगळे मिळून अठ्ठेचाळीस हजार." माझे धाकटे बंधु घराचा हिशेब ठेवतात. त्याच महिन्यांत दोघां नातवंडांची शाळेची फी भरावयाची होती. त्यांनीं स्पष्ट सांगितलें, "बारा हजारांच्या वर एक पैसा मिळणार नाहीं. त्यांत आईला शब्द ऐकूं आले तर पाहा. नाहीं तर आहे तें बरें आहे." मला ही अट योग्यच वाटली. मर्यादा पडल्याशिवाय माणूस विचार करीत नाहीं.

प्रथम त्या दुकानदाराच्या 'वॅटां'चा विचार करूं. डेकच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असें ठळक छापलेलें असतें. हा आंकडा येतो कोठून? गाडी चालू असतां विजेचा दाब सुमारें १४.४ व्होल्ट असतो, व स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. दाबाचा वर्ग करून रोधानें भागिलें कीं शक्ति निघते, हें मॅट्रिकच्या वर्गांतील गणित. १४.४ चा वर्ग २०७. त्यास ४ नीं भागिलें असतां जवळ जवळ ५२. हेंच तें '५० वॅट'! पण हा हिशेब लाट पूर्ण चौकोनी झाली असतां, म्हणजे गाणें सर्वस्वीं विद्रूप झालें असतां, लागू पडतो. गुळगुळीत शुद्ध लाटेला त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट, आणि यंत्रांतील तूट वजा जातां सुमारें २० वॅटच हातीं लागतात. दुसरा पुरावा डेकच्या पाठीशीं लाविलेल्या फ्यूजचा. तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. दहा अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे १४४ वॅट इतकीच वीज आंत शिरणार. मग बाहेर २०० वॅट कसे निघावेत? खोक्यावर 'आर.एम.एस.' ह्या अक्षरांपुढें जो आंकडा असेल तोच विचारांत घ्यावा. बाकीची अक्षरें मंगलाष्टकांतील विशेषणांसारखीं समजावींत.

परंतु २० वॅट थोडे आहेत असेंहि नव्हे. येथें स्पीकरच्या 'संवेदनशीलते'चा मुद्दा येतो, आणि अल्प खर्चाची किल्ली ह्याच मुद्यांत आहे. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, तें हें माप. शक्ति दुप्पट केली असतां आवाज केवळ ३ डेसिबलांनीं वाढतो. कानाला आवाज दुप्पट भासावयास १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति लागते. तेव्हां ८८ डेसिबलांचा स्पीकर काढून ९१ डेसिबलांचा घातला, तर २० वॅटांच्या डेकमध्यें ४० वॅटांचें बळ आलें. तेंहि अँप न घेतां! मात्र येथेंहि एक छपलेली गोम आहे. कांहीं कारखानदार एका वॅटाऐवजीं २.८३ व्होल्ट देऊन माप घेतात. ४ ओहमच्या स्पीकरास तेवढ्या दाबानें दोन वॅट मिळतात, आणि आंकडा फुकटचा ३ डेसिबलांनीं फुगतो. कागदावर '१ वॅट, १ मीटर' आहे कीं '२.८३ व्होल्ट' आहे, हें चष्मा लावून वाचावें.

आतां पैसा खर्च करण्यापूर्वीं जे उपाय फुकट आहेत ते करून घ्यावेत. बहुतेक तरुणांनीं डेकमधील बास व ट्रेबल ह्या दोन्ही खुंट्या टोंकाला नेऊन ठेविलेल्या असतात. त्या आधीं शून्यावर आणाव्यात. 'लाउडनेस' बंद करावा. पुढच्या-मागच्या स्पीकरांची वांटणी करणारी 'फेडर' नांवाची सोय थोडी पुढच्या बाजूस सरकवावी, कारण गायक पाठीमागून गात आहे असा भास कोणास सुखावह होईल? फोनमधील आवाज जवळ जवळ पूर्ण ठेवून डेकवर कमी करावा. उलट केल्यास खरखर वाढते. गाणीं उतरवून घेण्याच्या ॲपमध्यें 'उच्च दर्जा' अशी निवड असते, ती करावी. दाबून दाबून लहान केलेलें मुद्रण उत्तम स्पीकरवर अधिकच उघडें पडतें. आमच्या गाडींत एवढ्यानें चार आणे फरक पडला. शब्द थोडे वर आले. तंबोरा मात्र अद्याप अज्ञातवासांतच होता.

तंबोऱ्याचें कोडें समजण्यास दाराची रचना पाहिली पाहिजे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त मंद्र, मध्य व तार अशीं नादाचीं तीन स्थानें हृदय, कंठ व मूर्धा येथें सांगितलीं आहेत, आणि पुढचें स्थान मागच्याच्या दुप्पट असेंहि म्हटलें आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर काळी एकच्या पट्टींतील पुरुषी तंबोऱ्याची जोड सेकंदास सुमारें १३९ कंपनांची, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. गाडीच्या इंजिनाचा व टायरांचा घरघराटहि मुख्यतः ह्याच खालच्या प्रदेशांत असतो. एकीकडे हा शत्रु. आणि दुसरीकडे घरभेद्या कोण, तर खुद्द दार!

स्पीकरचा शंकु पुढें सरकतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं पाठची हवा विरळ होते. ह्या दोन लाटा एकमेकींस भेटल्या कीं परस्परांस खाऊन टाकतात. बारीक स्वरांची लाट आंखूड असल्यामुळें त्यांचें फारसें बिघडत नाहीं. पण शंभर कंपनांच्या स्वराची लाट जवळ जवळ साडेतीन मीटर लांब, तिला दाराच्या आंतल्या पत्र्याची भोंकें म्हणजे राजरस्ताच. ह्या पत्र्यास कारागिराचा हात आंत जावा म्हणून तळहाताएवढालीं मोठीं भोंकें ठेविलेलीं असतात, व त्यांवर नुसता पातळ प्लॅस्टिकचा कागद डकविलेला असतो. पाठची लाट त्यांतून पुढें येते आणि खर्ज जागच्या जागीं मरतो. दुकानदार ह्यावर सबवूफर सुचवितो. माझ्या मतें आधीं घराचें दार लावावें, मग चोरासाठीं शिपाई ठेवावा.

ह्यास उपाय म्हणजे ब्युटिल रबराचे चकाकत्या पाठीचे चिकट पत्रे. बाजारांत त्यांस 'डॅम्पिंग शीट' म्हणतात. दाराचें आंतलें आवरण काढून बाहेरच्या पत्र्यास आंतून, विशेषतः स्पीकरच्या बरोबर मागें, त्याचे तुकडे रुळानें दाबून बसवावेत. सबंध पत्रा मढविण्याची जरूर नाहीं; पाव-अर्धा भाग झाकला तरी पत्र्याची थरथर थांबते. बोटानें वाजवून पाहावें : पूर्वीं डब्यासारखा 'टण्' वाजे, तो आतां लांकडासारखा 'ठप्' वाजला पाहिजे. नंतर आंतल्या पत्र्याचीं भोंकें बंद करावींत. दोन गोष्टी मात्र कटाक्षानें सांभाळाव्यात. कांचेच्या फटींतून पावसाचें पाणी दारांत उतरतेंच, व तें तळाशीं ठेविलेल्या लहान छिद्रांवाटे बाहेर जातें; तीं छिद्रें बुजविलीं तर दोन पावसाळ्यांत दार गंजेल, कोंकणांत एकाच. दुसरी गोष्ट, ज्या नव्या गाड्यांस बाजूच्या हवेच्या पिशव्या आहेत, त्यांतील कांहींच्या दारांत हवेचा दाब ओळखणारें यंत्र असतें. दार सीलबंद केल्यानें त्याच्या कामांत बिघाड होऊं शकतो. तेथें कंपनीच्या कारागिरास विचारल्याशिवाय हात लावूं नये. नादापेक्षां प्राण मोठा.

शब्दांचें कारण वेगळें. क, त, स, श ह्या व्यंजनांची ओळख कान ज्या वरच्या कंपनांनीं पटवितो, तीं कंपनें दिव्याच्या झोताप्रमाणें सरळ जातात. आणि दारांतील स्पीकर तर आमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून बसलेला! स्वर कसेबसे कानाशीं येतात, व्यंजनें पायांपाशींच राहतात. वयोमानानें वरच्या कंपनांचेंच श्रवण आधीं मंदावतें, म्हणून वृद्धांस हा दोष दुप्पट बाधतो. ह्यावर 'कोअॅक्सियल' म्हणजे एकाच चौकटींत मध्यें लहान ट्वीटर असलेला स्पीकर स्वस्त पडतो. पण 'कॉम्पोनंट' जोडींत ट्वीटर सुटा असतो, तो आरशाच्या त्रिकोणी तुकड्यावर किंवा डॅशबोर्डाच्या कोपऱ्यांत कानाच्या रोखानें बसवितां येतो. थोडे पैसे अधिक पडले तरी पुढच्या दोन दारांस कॉम्पोनंट जोडी घ्यावी, व मागचे स्पीकर आहेत तसेच राहूं द्यावेत, असें माझें ठाम मत आहे. चारी दारांस मध्यम प्रतीचे घालण्यापेक्षां पुढें दोनच बरे असलेले चांगले. कांचेशेजारच्या खांबांत हवेची पिशवी असेल तर त्या खांबावर ट्वीटर किंवा तार मुळींच लावूं नये.

स्पीकर निवडतांना व्यासाबरोबर खोलीहि मोजावी. साडेसहा इंची स्पीकर भोंकांत बसला, पण कांच खालीं केली तेव्हां त्याच्या चुंबकावर आदळली, असे प्रसंग घडतात; म्हणून कांच पूर्ण खालीं करूनच माप घ्यावें. शंकूची कड फोमची असेल तर आपल्या दमट हवेंत ती कांहीं वर्षांत भुसभुशीत होते. रबरी कड पत्करावी. मधल्या कड्या प्लॅस्टिकच्या असाव्यात. भुशाच्या दाबलेल्या फळीच्या कड्या पावसांत फुगतात. आणि मूळच्या तारा कापूं देऊं नयेत. प्रत्येक गाडीच्या जोडणीचे तयार 'कपलर' थोडक्या पैशांत मिळतात. कारागीर "कापून टेप मारतों, काम तेंच" असें म्हणाला तर दुसरा कारागीर पाहावा.

जोडणी झाल्यावर एक परीक्षा अवश्य करावी. एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट लागल्या तर डावा शंकु पुढें जातांना उजवा मागें जातो, आणि इतका खटाटोप करून मिळविलेला खर्ज पुन्हां नाहींसा होतो. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोंकांस क्षणभर लावावा. धनास धन लागलें कीं शंकु बाहेर सरकतो. शाळकरी मुलानेंहि करावी अशी ही परीक्षा आहे, आणि आमच्या घरीं ती नातवानेंच केली.

ज्यांस एवढ्यानेंहि तृप्ति होत नाहीं त्यांनीं पुढें केव्हां तरी अँप घ्यावा. मूळचा डेक ठेवूनहि स्पीकरच्या तारांवरून संकेत घेणारे अँप मिळतात. पण त्यांत गाडीला आग लागण्याचा संभव आहे, हें विसरूं नये. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेस बॅटरीच्या अगदीं जवळ, वीतभर-हातभर अंतरांतच, फ्यूज पाहिजे. नाहीं तर ती तार कोठें पत्र्यावर घासून उघडी पडली कीं सर्व बॅटरीची शक्ति त्या एका जागीं उतरते. बाजारांतील स्वस्त तारेवर वरून तांब्याचा मुलामा व आंत ॲल्युमिनियम असतो. ती तांब्याच्या दोनतृतीयांशच वीज वाहते. एक धागा चाकूनें खरवडला कीं आंतील पांढरा रंग दिसतो. घरच्या विजेच्या तारा पुण्यांत तपकीर गल्लींतून पारखून आणणारे लोक गाडीच्या बाबतींत डोळे कां मिटतात, हें मला उमगलेलें नाहीं.

आमचा हिशेब असा झाला : पुढची कॉम्पोनंट जोडी ५,२०० रुपये, दोन दारांचे डॅम्पिंग शीट २,४००, कड्या, कपलर व फोमची पट्टी ९००, मजुरी १,५००. एकूण १०,०००. उरलेले दोन हजार बंधूंनीं न बोलतां परत कपाटांत ठेविले. सबवूफरची धडधड आमच्या गाडींत नाहीं, आणि पुतण्याच्या मित्रांना ती नसल्याची खंत वाटते. परंतु पुढील फेरीस शिरवळच्या अलीकडेच मातोश्रींनीं कीर्तन थांबवावयास सांगितलें आणि म्हणाल्या, "हा आख्यानांतला श्लोक ते नेहमी चुकवीत. इथेंहि चुकवलाय बघ. पुन्हां लाव." आम्ही तो भाग तीनदां ऐकला. खर्जाची तार होती. पुसट होती, पण होती.

आवाज किती मोठा ठेवावा ह्याविषयीं एकच सांगतों. अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारसीप्रमाणें ८५ डेसिबलांत आठ तासांपेक्षां जास्त राहूं नये, आणि पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा होतो. म्हणजे ९१ डेसिबलांत केवळ दोन तास. चांगल्या स्पीकरांचा खरा लाभ हाच कीं कमी आवाजांत शब्द लागतात, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाहि ऐकूं येतो.

काढलेले मूळचे स्पीकर भंगारांत देऊं नयेत. त्यांच्या स्क्रूंसह ते वर्तमानपत्रांत गुंडाळून, वर 'डावा', 'उजवा' असें लिहून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकतेवेळीं गिऱ्हाईक नव्या स्पीकरांचे पैसे देत नाहीं. तेव्हां ते काढून घ्यावेत, जुने बसवून द्यावेत, आणि नवे पुढच्या गाडीस उपयोगी पाडावेत. माप मात्र पुन्हां घ्यावें.